उद्या कामावर जाणारा धावपटू

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी धावपटू कित्येक महिने आधीपासून रविवारी पहाटे लांब पल्ल्याला निघतात, आणि शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने धावतात. ही रीत ऑलिंपिक विजेत्यांच्या सरावातून खाली झिरपत आली, अशी समजूत आहे. इतिहासात मात्र ओघ उलटा दिसतो. पोटासाठी दुसरेच काम करणाऱ्या, ऐन तारुण्य ओसरलेल्या माणसांनी ती घडवली. त्यामागे कारणही होते: उद्या सकाळी ज्याला कामावर हजर व्हायचे आहे, त्याला आज पाय मोडून घेणे परवडत नाही.

आर्थर न्यूटन हा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातला इंग्रज शेतकरी. सरकारने भोवतालची जमीन कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी राखली आणि आपल्याला रास्त भरपाई नाकारली, असे त्याचे गाऱ्हाणे होते. नामांकित धावपटूचे म्हणणे लोक ऐकतील, एवढ्या आशेवर त्याने १ जानेवारी १९२२ रोजी सराव सुरू केला. पहिल्या दिवशी जेमतेम दोन मैल झाले आणि अंग आखडले. समोर होती कॉम्रेड्स ही शर्यत. पीटरमारित्झबर्ग, जिथे १८९३ साली गांधीजींना रेल्वेतून उतरवले गेले, ते गाव आणि डरबन यांच्यामधला सुमारे ५४ मैलांचा डोंगराळ रस्ता. तेव्हाच्या धावपटूंचा भर चालण्यावर आणि मोजक्या वेगवान धावांवर असे. फार धावले की माणूस ‘शिळा’ होतो, ही धास्ती होती. न्यूटनने दमछाक होणारा वेग टाळला आणि अंतर वाढवत नेले. पाच महिन्यांच्या आत, वयाच्या ३९व्या वर्षी, त्याने ती शर्यत ८ तास ४० मिनिटांत जिंकली. पुढच्या वर्षी ७ तासांच्या आत आला. एकूण पाच विजेतेपदे. एखाद्या अपवादात्मक शरीराचा चमत्कार म्हणून हे बाजूला सारता येईल, पण त्याने आपली पद्धत पुस्तकांतून तपशीलवार मांडली, आणि तीच पद्धत दुसऱ्या खंडात एका चपलाबुटांच्या कारखान्यातल्या कामगाराने स्वतःच्या प्रयोगांतून पुन्हा गाठली.

तो न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड. क्लबातल्या एका वडीलधाऱ्या सोबत्याबरोबर पाच मैल धावताना त्याची दमछाक झाली, आणि आपण तंदुरुस्त आहोत हा समज गळून पडला. पुढे कित्येक वर्षे त्याने स्वतःच्याच देहावर प्रयोग केले. काही आठवड्यांत तर त्याचे अंतर अडीचशे मैलांपर्यंत गेले. किती अंतर पुरे आणि किती अती, हे असे अंगावर काढूनच कळले. १९५३ आणि १९५५ साली तो देशाचा मॅरेथॉन विजेता झाला. मग ऑकलंडच्या आसपासची पोरे त्याच्यामागे वायटारुआच्या टेकड्यांतून २२ मैल धावू लागली. त्यांतला पीटर स्नेल तर ८०० मीटरचा धावपटू. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे सुवर्ण जिंकले आणि तासाभरात मरे हालबर्गने ५,००० मीटरचे. बॅरी मगीने मॅरेथॉनचे कांस्य आणले.

यावर झाटोपेकचे नाव पुढे येईल. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली, त्यांत आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. आणि त्याचा सराव ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्यांचा, संथ लांब धावण्याचा नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे. पण दिवसाला चाळीस, कधी साठ फेऱ्या आणि मधले हलके धावणे यांची बेरीज केली, तर तोही प्रचंड अंतरच कापत होता, आणि इतक्या फेऱ्या जीव तोडून धावता येत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की वायटारुआवर लिडियार्डची पोरे रमतगमत धावत नव्हती. खरे आहे. त्यांची संथ गती सामान्य माणसाला झेपली नसती. तत्त्व मात्र प्रत्येकाने आपल्या दमाच्या आत राहण्याचे होते, आणि त्याची कसोटी १९६२ साली लागली. ऑकलंडमध्ये जॉगिंगचा क्लब निघाला. हृदयविकार झालेली माणसेही त्यात हळूहळू धावू लागली. त्या सुमारास अमेरिकेचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे आले, आणि सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक गृहस्थ त्यांना मागे टाकून पुढे गेला. मायदेशी परतून त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञासोबत जॉगिंगवर पुस्तक लिहिले, आणि अमेरिकेतली सामान्य माणसे रस्त्यावर धावायला उतरली.

तरीही एक प्रश्न मला टाळता येत नाही: हौशी म्हणून धावण्याची मुभा होती कोणाला? १९२३ साली, न्यूटनने दुसऱ्यांदा कॉम्रेड्स जिंकली त्याच दिवशी, फ्रान्सेस हेवर्ड ही स्त्री त्याच रस्त्याने धावली. तिचा अर्ज नाकारला गेला होता. अकरा तासांहून थोड्या अधिक वेळात तिने अंतर पूर्ण केले, तरी निकालात तिला जागा मिळाली नाही. बघ्यांनी आणि इतर धावपटूंनीच मिळून तिचा गौरव केला. त्या शर्यतीत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली.