मोडी वाचणारें यंत्र व ग्रंथपाल

मोडी कागद वाचणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आतां सिद्ध होऊं लागलीं आहेत. इ. स. २०२५ मध्यें रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोडी लेखांचीं २०४३ चित्रें देवनागरी लिप्यंतरासह सिद्ध केलीं. उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्यानें ग्रंथपालाचें काम सरलें, हें मत आम्हांस मान्य नाहीं.

धाराशिव प्रांतच पाहा. भोसल्यांची कुलदेवता तुळजापुरास, आणि मुलूख निजामाचा. म्हणून येथील कागदांत मराठी दफ्तरांतला शुहूर सन व निजामीकडील फसली सन, दोन्ही संभवतात. कागदावर नुसतें ‘सन ११५०’ असेल, तर फसली धरल्यास ५९० मिळवून इ. स. १७४०-४१, म्हणजे नानासाहेबांच्या पेशवाईचा आरंभ. शुहूर धरल्यास ५९९ मिळवून १७४९-५०, म्हणजे शाहूमहाराजांच्या निधनाचें वर्ष. अंक यंत्र बिनचूक वाचील. परंतु नऊ वर्षांचा हा निवाडा मायना, शिक्का व व्यक्तिनामें पाहूनच करावा लागतो.

शिवाय अडलेल्या जागींहि यंत्र निःशंकपणें कांहींतरी शब्द देतें. म्हणून ग्रंथपालांनीं यंत्राचें वाचन तर्क समजावें, मूळ चित्र शेजारीं ठेवावें, संशयित अक्षरापुढें प्रश्नचिन्ह द्यावें व पडताळणाराचें नांव नोंदवावें. न वाचलेला कागद वाट पाहूं शकतो. चुकीचा वाचलेला कागद मात्र पुढील इतिहास बिघडवितो.