बेलमार्श प्रकरण: खटला नाही, तरी कैद

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर ब्रिटनने नवा दहशतवादविरोधी कायदा केला. संशयित परदेशी असेल आणि मायदेशी छळ होण्याच्या भीतीमुळे त्याला परत पाठवता येत नसेल, तर त्याला खटल्याविना बेमुदत डांबायची मुभा सरकारला मिळाली. काही जण लंडनच्या बेलमार्श तुरुंगात तीन वर्षं होते. गुप्त पुरावा त्यांना दाखवलाच नाही.

१६ डिसेंबर २००४ला हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींनी बहुमताने हा भेदभाव ठरवला: ब्रिटिश संशयित बाहेर, परदेशी मात्र आत. तरी लगेच सुटका झाली नाही. मार्च २००५मध्ये कायदा बदलला, अन् सुटलेल्यांवर ‘नियंत्रण आदेश’ आले.

नागरिकशास्त्रात आम्ही हेच शिकवतो: आधी आरोप सांगा, बाजू ऐका, मगच शिक्षा.