जवाची खिंड

कोरियांतील वसंताच्या अखेरच्या दिवसांना पूर्वीं ‘बोरित्गोगे’, म्हणजे ‘जवाची खिंड’, असें नांव होतें. शरदांतला तांदूळ संपलेला, शेतांतला जव अद्याप हिरवा. मधले दिवस लोक रानांतील मुळ्या व झाडांच्या साली खाऊन काढीत. १९५०–५३ च्या युद्धानंतर ही खिंड अधिकच अवघड झाली आणि दक्षिण कोरिया अमेरिकेच्या धान्यावर कसाबसा तगला. १९७० नंतरहि कांहीं वर्षें गुरुजी मुलांचे डबे उघडून भातांत जव मिसळला आहे कीं नाहीं हें तपासीत. निव्वळ पांढरा भात आणणें हा अपराधच! १९७७ सालीं कोठें देश तांदळापुरता स्वयंपूर्ण झाला.

जी आजी ती खिंड चढून आली, तिला नातवाच्या गुबगुबीत गालांत भाग्य दिसलें तर तिला हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. बाळपणींची चरबी पुढें उंचींत जिरते, अशी समजूत तिकडे रूढ आहे. दुष्काळांत ती समजूत शहाणपणाचीच होती.

१९८८ हें साल मात्र चमत्कारिक. त्या वर्षीं सेऊलला ऑलिंपिक सामने भरले व मॅकडोनाल्डचें तेथील पहिलें दुकान उघडलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत डॉ. जेराल्ड रीव्हन यांनीं असें मांडलें कीं, वाढता रक्तदाब, रक्तांतील वाढती साखर व बिघडलेला मेद हे सुटे विकार नव्हेत. शरीर इन्शुलीनला दाद देईनासें होतें, हें त्यांचें समान मूळ. पुढें पोटाचा घेरहि या गणनेंत आला, आणि पांचांपैकीं तीन लक्षणें जुळलीं कीं चयापचयाचा विकारसमूह जडला असें डॉक्टर म्हणूं लागले.

लठ्ठ मुलाच्या बाबतींत खरी अडचण ही कीं त्याला कांहींच दुखत नाहीं. तें खेळतें, हंसतें. रक्त तपासल्यावांचून आंतली गोष्ट कळत नाहीं. शिवाय सारख्याच वजनाच्या दोन मुलांपैकीं एकास धोका अधिक व दुसऱ्यास कमी असूं शकतो. म्हणून २००७ सालीं आंतरराष्ट्रीय मधुमेह संघानें दहा वर्षांखालील मुलांस हा शिक्का मारूं नये असें ठरविलें, व तें आम्हांस योग्य वाटतें. त्यांच्या पोटाच्या घेरावर नजर ठेवणें मात्र जरूर.

२००८ च्या कायद्यानें दक्षिण कोरियानें शाळेभोंवतालच्या २०० मीटरांत मुलांच्या खाद्यांवर देखरेखीची तरतूद केली. २०१० पासून सायंकाळीं ५ ते ७ या वेळांत अतिउष्मांकी निःसत्त्व खाद्यांच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर बंद झाल्या. घरीं मात्र आजीचा पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ हाच, कुशल विचारण्याची तिकडची रीतच ती आहे.