पातेगळ आणि ॲब्सिसिक अम्ल : एका नावाचा इतिहास

पाचोरा तालुक्याच्या काळ्या जमिनीत कपाशीला पाती धरली की शेतकऱ्याची खरी चिंता सुरू होते. ढगाळ हवा, पाण्याचा ताण किंवा शेतात साचलेले पाणी यांमुळे पाती, फुले व कोवळी बोंडे गळून पडतात. ही पातेगळ म्हणजे केवळ झाडाचा दुबळेपणा नसून झाडाने नियंत्रित केलेली क्रिया होय, हे उमगण्यास विज्ञानाला सुमारे एक शतक लागले. आणि त्या शोधाच्या मध्यभागी कपाशीच होती.

गळक्या नळांतील दिव्याच्या वायूने झाडांची पाने झडतात, अशी नोंद १८६४ मध्ये झाली. वनस्पतींवर परिणाम करणारा त्यातील घटक एथिलीन होय, हे नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखविले. पुढे १९३० नंतरच्या दशकात ऑक्सिनाचे कार्य ध्यानात आले. पान कापून उरलेल्या देठास ऑक्सिन लावल्यास तो उशिरा गळतो, असे आढळले.

मग प्रत्यक्ष गळ घडविणाऱ्या द्रव्याचा शोध सुरू झाला. अमेरिकेत यंत्राने कापूस वेचण्यापूर्वी पाने गळालेली हवी असत; त्यामुळे तेथे हा प्रश्न विशेष महत्त्वाचा होता. १९६१ मध्ये लिऊ व कार्न्स यांनी पक्व बोंडांच्या टरफलांतून, तर १९६३ मध्ये ओकुमा, ॲडिकॉट व सहकाऱ्यांनी कोवळ्या बोंडांतून गळ घडविणारे स्फटिकमय द्रव्य वेगळे केले. वेअरिंग यांना इंग्लंड-वेल्समधील संशोधनात मिळालेले, कळ्यांना सुप्तावस्थेत नेणारे द्रव्यही तेच, असे १९६५ मध्ये ठरले. १९६७ च्या ओटावा परिषदेत त्यास गळतीवाचक ‘ॲब्सिसिक अम्ल’ हे नाव मिळाले.

परंतु नाव रूढ होत असतानाच त्याचा आधार ढासळू लागला. त्याच वर्षी हॉर्टन व ऑसबोर्न यांनी गळतीचा संबंध सेल्युलेज या विकराशी जोडला. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान किंवा बोंड यांतून ऑक्सिनाचा ओघ चालू असेतो हा थर दाद देत नाही. ओघ मंदावताच तो एथिलीनास संवेदनक्षम होतो, विकरे पेशीभित्ती विरघळवितात आणि अवयव निखळतो. बहुतेक वनस्पतींत ॲब्सिसिक अम्लाचे मुख्य कार्य गळ घडविणे नसून पाण्याच्या ताणात पर्णरंध्रे मिटविणे व बीजाची सुप्तावस्था राखणे हे आहे.

नाव मात्र टिकले. खानदेशात पातेगळ रोखण्यासाठी फवारले जाणारे नॅप्थॅलीन ॲसेटिक अम्ल हे कृत्रिम ऑक्सिनच होय; ते त्या थराची संवेदनक्षमता लांबविते. मूळ कारण साचलेले पाणी असेल, तर मात्र निचऱ्यावाचून ही फवारणी अपुरी पडते.