सूर्यावर आधीं दिसलेला वायु

१८ ऑगस्ट १८६८ रोजीं धाराशिवच्या दक्षिणेस विजापूर व जमखंडी येथें खग्रास सूर्यग्रहण झालें. जमखंडीस लेफ्टनंट हर्शेल, तर दूर गुंटूरास फ्रेंच ज्योतिषी जान्सेन वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत त्या दिवशीं तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील पिवळसर रेषा सोडियमची असावी, असा समज झाला. लॉकियर विजयदुर्गावर होता ही आख्यायिका खरी नव्हे. त्यानें ती रेषा २० ऑक्टोबरला इंग्लंडांतून पाहिली; पुढें ती सोडियमची नव्हे असें ठरून त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हें नांव मिळालें.

मग पृथ्वीवर तो वायु हातीं लागण्यास १८९५ साल कां उजाडावें? कारण तो कोणाशींही संयोग पावत नाहीं; आपला माग ठेवीत नाहीं. रॅम्सेला तो युरेनियमच्या खनिजांत कोंडलेला सांपडला. १८९४ सालीं आर्गॉन व १८९८ सालीं निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन मिळाल्यावर मेंडेलीफच्या कोष्टकांत नवा स्तंभच उभारावा लागला.

या स्तंभांत खालीं उतरावें तसा अणु जड होतो आणि उत्कलनबिंदु चढतो : हेलियमचा उणे २६९ अंश, झेनॉनचा उणे १०८. बाहेरील इलेक्ट्रॉनांवरची पकडही सैल होते. म्हणूनच १९६२ सालीं बार्टलेटनें झेनॉनचें संयुग बनविलें. अलिप्ततेलाही मर्यादा असतेच!