दोन जागांचा गडी

ठाण्याहून बाळकूम मागे टाकून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते आणि पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा गोदामांचा पट्टा सुरू होतो. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमाराला या पट्ट्यातल्या चहाच्या टपरीवर थांबलं, तर परवापरवापर्यंत हमखास एक खल ऐकू यायचा. नाणेफेक झाली, दोन्ही अकरा जाहीर झाले, आता ‘एआर’ किती घ्यायचे? एआर म्हणजे ऑलराउंडर. मोबाइलवर फँटसी क्रिकेटचा संघ बनवायचा तर समोर चार खाने असतात: विकेटकीपर, बॅट्समन, ऑलराउंडर, बोलर. यातला तिसरा खाना कुठून आला, हे शोधायला बेसबॉलपर्यंत जावं लागतं, आणि गंमत म्हणजे तिथं हा खाना नाहीच.

१९७९च्या अखेरीस डॅनियल ओक्रेंट या अमेरिकी लेखक-संपादकाला विमानप्रवासात एक खेळ सुचला. कल्पना अगदी कोरी नव्हती. विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानं १९६० साली मित्रमंडळींत असाच एक कागदी डाव सुरू केला होता आणि त्याची खबर ओक्रेंटला मिशिगनमधल्या त्याच्या प्राध्यापकाकडून लागली होती. ओक्रेंटनं त्यावरून आपला डाव बेतला. न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोतिसरी फ्रांसेझ’ या हॉटेलात जेवता जेवता नियम ठरले, म्हणून खेळाचं नाव पडलं रोटिसरी बेसबॉल. १९८०च्या हंगामात पहिली लीग खेळली गेली. पुढे रूढ झालेला हिशेब असा: २६० डॉलरांत २३ खरे खेळाडू घ्यायचे, आणि मैदानावर ते जे करतील त्या आकड्यांवर आपला संघ वर चढणार किंवा खाली येणार. खुद्द ओक्रेंटला म्हणे आपली लीग कधी जिंकता आली नाही.

मेख होती ती जागांमध्ये. मनाला येतील ते २३ चालत नाहीत. कॅचर दोन, आउटफिल्डर पाच, पिचर नऊ, पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर त्या त्या बेसचा माणूस, शॉर्टस्टॉपला शॉर्टस्टॉप. आणि कोण कुठला, हे ठरवायचं कसं? तर आदल्या हंगामात ज्या जागेवर तो किमान २० सामने उभा राहिला, ती जागा त्याची. दोन जागांवर वीस-वीस सामने झाले असतील तर दोन्ही त्याच्या. लीगगणिक हा आकडा कमीजास्त होतो, तत्त्व तेच.

या एका कलमातून दोन जागांचा गडी जन्माला आला. बेन झोब्रिस्ट हे त्याचं ठळक उदाहरण. टँपा बेच्या संघात तो कधी दुसऱ्या बेसवर, कधी शॉर्टस्टॉपला, कधी आउटफिल्डमध्ये असे. तो कुठं उभा राहिला यामुळे त्याच्या बॅटची एक धावही वाढत नव्हती. वाढत होती ती त्याला विकत घेणाऱ्याची मोकळीक. आपला दुसऱ्या बेसचा माणूस जायबंदी झाला, तर झोब्रिस्टला आउटफिल्डमधून तिथं सरकवायचं आणि रिकाम्या झालेल्या जागी बाजारात पडून असलेला एखादा बरा आउटफिल्डर उचलायचा. आउटफिल्डर उदंड मिळतात, चांगला हाणणारा दुसऱ्या बेसचा माणूस दुर्मीळ. दहा जणांच्या लीगमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण बाहेर बरी माणसं शिल्लक असतात. पंधरा जणांच्या लीगमध्ये बाहेर निव्वळ गाळ उरतो आणि तिथं असा गडी सोन्याच्या भावानं जातो. अर्थात तीन जागांची नोंद असलेला पण सुमार बॅटचा माणूस केवळ तेवढ्यासाठी महागात घेणं हा नवशिक्यांचा जुना रोग आहे. जिथं कुठं बसवाल तिथं तो सुमारच राहतो.

हा डाव क्रिकेटमध्ये आणायचा म्हटल्यावर अडचण आली. क्रिकेटला असल्या जागा नाहीत. स्लिपमध्ये वीस सामने उभं राहिलेल्याला कुणी स्लिपवाला म्हणून नोंदवत नाही. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला ईएसपीएन-स्टारनं ‘सुपर सिलेक्टर’ आणला. २००८मध्ये मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ‘ड्रीम ११’ सुरू केलं. इथं उभं राहण्याच्या जागेऐवजी कामानं वाटणी झाली, आणि दोन कामं करणाऱ्याला दोन्ही खान्यांत मुभा देण्याऐवजी त्याच्यासाठी तिसरा खाना काढून दिला गेला.

माझ्या मते वारसा इथंच उलटला. बेसबॉलचा दोन जागांचा गडी मालकाला मोकळीक देतो, जास्तीचे गुण देत नाही. आपला ऑलराउंडर गुण भरपूर देतो, मोकळीक मात्र शून्य. बरीच वर्षं टी-ट्वेंटीत धावेला १ गुण आणि बळीला २५ असा दर होता. म्हणजे तीस धावा आणि दोन बळी घेणारा ८० गुणांवर जातो. निव्वळ फलंदाजाला तिथं पोचायला मोठी खेळी लागते. कॅप्टन केला की हे गुण दुप्पट. त्यामुळे टपरीवरचा सवाल रास्तच होता. पण संघात गोलंदाज कमी पडतोय म्हणून ऑलराउंडरला गोलंदाजाच्या खान्यात सरकवता येत नाही. झोब्रिस्टची खरी करामत तेवढीच होती.

क्रिकेटमध्ये जागा बदलणारे झालेच नाहीत असं नाही. विनू मांकड कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजीला आले. १९५२च्या लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, पाच बळी घेतले आणि सामन्यात ९७ षटकं टाकली. शंभर क्रेडिटांत खेळाडू बसवायच्या मोबाइलवरच्या संघात या माणसाचा भाव काय लावला असता कोण जाणे! रवी शास्त्री १९८१ साली दहाव्या क्रमांकावर खेळायला आले आणि १९९२मध्ये सिडनीला सलामीला येऊन २०६ करून गेले. गल्लीत तर आपण यापुढे गेलो होतो. पोरं विषम निघाली की एक ‘कॉमन’ ठरायचा, जो दोन्ही संघांकडून बॅटिंग करायचा. ओक्रेंटच्या कुठल्याच कलमात तो बसला नसता.

दुहेरी माणसाची किंमत शेवटी नियम करणाऱ्याच्या हातात असते. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी अमेरिकन लीगनं १९७३ साली पिचरच्या बदल्यात दुसऱ्याला बॅटिंगला पाठवायची सोय केली, २०२२पासून ती दोन्ही लीगना लागू झाली. पिचरनं बॅट धरायचं कारणच संपलं. तरीही २०२२च्या आधीच शोहेई ओहतानी हा खेळाडू अमेरिकन लीगमध्ये दोन्ही कामं करू लागला, तेव्हा याहूच्या फँटसी बेसबॉलनं त्याचे दोन खेळाडू करून टाकले: एक पिचर ओहतानी, एक बॅटर ओहतानी, वेगवेगळ्या मालकांना घेता येतील असे. आयपीएलनं २०२३मध्ये इम्पॅक्ट प्लेअर आणला. ज्या फलंदाजाची गोलंदाजी नको, त्याच्या जागी सरळ गोलंदाजच आणायचा. २०२४मध्ये रोहित शर्मानं जाहीरपणे सांगितलं की हा नियम आपल्याला फारसा पसंत नाही, यानं ऑलराउंडर मागे पडतात. नाव घेतलं ते वॉशिंग्टन सुंदर आणि मुंबईच्याच शिवम दुबेचं, कारण दोघांना बॉल मिळेना. मोबाइलवर याचा फटका असा की खाना ऑलराउंडरचा, काम फक्त बॅटचं, आणि बळीचे २५ गुण गृहीत धरून बसलेला माणूस सामन्याअखेर हात चोळत राहायचा.

ही सगळी निवड म्हणजे कौशल्य की नशीब, यावर कोर्टात खटले झाले. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच काढून टाकला गेला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि ड्रीम ११नं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.