परदेशी शिक्षण आणि कारभारातली जागा : कोल्हापूरचा दाखला

राज्यकारभाराच्या तयारीचा भाग म्हणून परदेश पाहायला निघालेला कोल्हापूरचा पहिला छत्रपती म्हणजे दुसरे राजाराम महाराज. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा त्यांचे वय सोळा होते. चार वर्षांनी, १८७० च्या उन्हाळ्यात, ते मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानणाऱ्यांचा तो काळ होता. सोबतीला पोलिटिकल एजंटचे साहाय्यक कॅप्टन एडवर्ड वेस्ट होते. प्रवासात महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. जे पाहिले ते टिपायचे आणि परतल्यावर कारभारात उतरवायचे, हा हेतू उघड होता. पण परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. दहनाची रीत नसलेल्या त्या शहराने त्यासाठी खास परवानगी दिली. १८७२ मध्ये वेस्ट यांनी रोजनिशी लंडनहून छापली. १८७४ मध्ये दहनाच्या जागी छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा. फ्लॉरेन्सकर त्या जागेला आजही ‘इंदियानो’ म्हणतात.

आजच्या भाषेत या प्रवासाला फेलोशिप म्हणता येणार नाही. खर्च संस्थानचा, देखरेख इंग्रज सरकारची, आणि शिकणारा स्वतःच राजा. शिकून येणाऱ्याला कारभारात जागा कोण देणार हा प्रश्न तिथे नव्हता, कारण गादी त्याचीच होती. सामान्य रयतेतला कोणी शिकून आला तर तो बसणार कुठे, या प्रश्नाला कोल्हापुरात तोंड फुटले ते पुढच्या पिढीत.

१८९४ च्या एप्रिलमध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. कारकुनी आणि तत्सम सुमारे ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. महाराजांचे स्वतःचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली झाले होते. शिष्यवृत्त्या देऊन मागास वर्गांतील मुले वरच्या शिक्षणाकडे वळतील, अशी त्यांची सुरुवातीची अपेक्षा होती. ती फळाला आली नाही. मुले शाळेत येत, पण पुढे टिकत नसत.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. ते अजून परदेशातच असताना, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व जाती त्यात धरल्या होत्या. ज्या खात्यात या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, त्या खात्याने पुढची जागा त्यांच्यातूनच भरायची, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करायचा. हुकूम काढून गप्प बसणारा हा दरबार नव्हता, हे त्या तिमाही तक्त्यावरूनच कळते.

या हुकुमाचे महत्त्व सांगताना अर्ध्या जागांवरच बोट ठेवले जाते. त्यामागची कारणमीमांसाही तितकीच मोलाची आहे. शिष्यवृत्त्या देऊनही उच्च शिक्षण का पसरत नाही, याचे उत्तर हुकुमातच दिले होते : त्या शिक्षणाचे फळ, म्हणजे सरकारी जागा, पुरेशा लोकांच्या वाट्याला येत नाही. म्हणजे शिकवण्याची सोय आणि शिकलेल्याला खुर्ची या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, मुस्लिम आणि लिंगायत विद्यार्थ्यांची वसतिगृहे आली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. शिकण्यासाठी कोल्हापुरात येणाऱ्या खेड्यातल्या मुलाला राहायला जागा मिळाली आणि शिकून झाल्यावर नोकरीची वाट दिसू लागली. १९१२ पर्यंत दरबारच्या ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते.

त्याच सुमारास दुसरे मराठा संस्थान वेगळ्या वाटेने चालले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हुशार तरुणांना परदेशी पाठवून परतल्यावर संस्थानच्या नोकरीत घेण्याची पद्धत पाडली. तिचा सर्वांत मोठा लाभार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झालेल्या या तरुणाला १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असा करार होता. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र आणि सार्वजनिक वित्तव्यवस्था यांचा अभ्यास त्यांनी एडविन सेलिग्मन यांच्यासारख्या प्राध्यापकांकडे केला. १९१५ मध्ये एम.ए. झाले. पुढच्या वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत यावे लागले.

करारानुसार ते बडोद्याला गेले आणि महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमले गेले. संस्थानला अर्थखात्यासाठी असा माणूस हवा होता, आणि तो शिकूनही आला होता. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. राहायला घर मिळेना म्हणून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. शिष्यवृत्ती महाराजांनी दिली होती. कचेरी आणि शहर मात्र महाराजांचे ऐकत नव्हते. मोठ्या खर्चाने तयार केलेला प्रशासक असा काही दिवसांत हातचा गेला.

यापुढचा धागा कोल्हापूरशी जुळतो. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करीत असताना आंबेडकरांची शाहू महाराजांशी ओळख झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर अध्यक्ष होते. महाराज स्वतः हजर राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये आंबेडकर अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. या वेळी कोणत्याही संस्थानचा करार डोक्यावर नव्हता. साठवलेली शिल्लक आणि मित्रांची मदत एवढेच बळ होते. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. पुढच्या मे महिन्यात महाराज वारले. आंबेडकर १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडनची डी.एस्सी. मिळाली.

या शिक्षणाचा राज्यकारभाराला झालेला उपयोग कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अहवालात मावणार नाही. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबियातील प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत ते होते. तिथेच भास्करराव जाधवही होते. १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारच्या नोकरीत आलेले, मुंबईच्याच पदवीवर सगळी कारकीर्द घडवलेले हे गृहस्थ पुढे मुंबई इलाख्याचे मंत्री झाले होते. अण्णासाहेब लठ्ठे यांचीही चढण तशीच : राजाराम कॉलेजात प्राध्यापक, मग कोल्हापूरचे दिवाण, आणि १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री. परदेशी पदवीशिवायही दरबाराच्या कारभाराने माणसे घडवली, ही बाजू विसरून चालत नाही. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि नंतर स्वतंत्र भारताचे कायदामंत्री झाले. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात सरकारी नोकरीत मागास वर्गांसाठी जागा राखण्याची मुभा आहे. १९०२ च्या करवीर हुकुमाशी तिचे नाते उघड आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानांच्या शिष्यवृत्त्या संपल्या आणि त्यांची जागा परराष्ट्रांच्या योजनांनी घेतली. २ फेब्रुवारी १९५० रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात शैक्षणिक देवाणघेवाणीचा फुलब्राइट करार झाला. १९७८ मध्ये अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या नावाने नोकरीत मुरलेल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी फेलोशिप निघाली. तिच्यात पदवी मिळत नाही. साधारण दहा महिने विद्यापीठात विषयाचा अभ्यास करायचा आणि एखाद्या सरकारी कचेरीत किंवा संस्थेत बसून काम कसे चालते ते पाहायचे. १९८३ मध्ये ब्रिटनने चिव्हनिंग शिष्यवृत्ती सुरू केली. या योजनांतही परत येण्याची अट असते, पण ती दोन वर्षांची, आणि स्वदेशी राहण्याची. अमुक खात्यातच काम करण्याची नव्हे. बडोद्याचा करार नोकरी बांधून देत होता, हे करार फक्त देश बांधून देतात. भारतीय सनदी अधिकाऱ्यांना त्यासाठी अध्ययन रजा मिळते. परत आल्यावर मात्र बदलीचे चक्र असते. पाणीपुरवठ्याचे धोरण शिकून आलेला अधिकारी दुसऱ्याच महिन्यात पशुसंवर्धन खात्यात बसू शकतो.

महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. दरवर्षी ७५ विद्यार्थी तिच्यावर परदेशी विद्यापीठांत जातात. शाहू महाराजांचेच नाव धारण करणारी ‘सारथी’ ही संस्था २०१८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि २६ जून २०२१ रोजी तिचे उपकेंद्र कोल्हापुरात उघडले. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या तिच्या परदेशी शिष्यवृत्तीला नाव दिले आहे महाराजा सयाजीराव गायकवाडांचे. दोन्ही राजे असे योजनांच्या पाटीवर आले.

पण पाठवणारे खाते आणि निवड करणारा लोकसेवा आयोग यांच्यात आज कोणताही करार नाही. सार्वजनिक धोरणाची परदेशी पदवी घेऊन आलेल्या तरुणाला अधिकारी व्हायचे असेल तर इतरांप्रमाणे स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि तिथे ती पदवी पात्रतेपुरतीच मोजली जाते. केंद्र सरकारने २०१८ पासून बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या पदांवर घेण्याचा प्रयोग सुरू केला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने अशा ४५ जागांची जाहिरात काढली. तिच्यात आरक्षणाची तरतूद नव्हती. त्यावरून वाद उसळला आणि तीन दिवसांत ती जाहिरात मागे घ्यावी लागली.